पटाशी : निवड, धार आणि वापर
(प्राथमिक शिक्षकांच्या हस्तव्यवसाय-वर्गातील व्याख्यान)



ज्या शाळेत सुतारकामाची पेटी आहे, त्या शाळेतील पेटी उघडून पाहिली तर पटाशीची अवस्था बहुधा एकसारखीच आढळते. मुठीचे डोके हातोडीच्या घावांनी फुललेले असते, पात्यावर तांबेरा चढलेला असतो आणि धारेला मधूनमधून दाते पडलेले असतात. रंगाच्या डब्याचे झाकण उचकटण्यास पटाशी, खिळा उपटण्यास पटाशी, भिंतीचा गिलावा खरवडण्यासही पटाशी! करवत बोथट झाली तर ती कापीत नाही, एवढेच घडते. पटाशी बोथट झाली म्हणजे मात्र मूल तिच्यावर अंगाचा भार टाकते. लाकडात न शिरलेले पाते एकाएकी घसरते आणि समोर धरलेल्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर किंवा मनगटावर जाऊन थांबते. अशी एक जखम झाली की पालक येतात, मुख्याध्यापक पेटीला कुलूप घालतात आणि पुढे कित्येक वर्षे त्या शाळेत सुतारकाम बंद पडते. अपघाताचा दोष धारेला दिला जातो. वस्तुतः तो धार नसण्याचा असतो.

हस्तव्यवसायाला शाळेत स्थान असावे हा विचार काही आजचा नव्हे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस याच्या प्रयत्नाने 1866 मध्येच ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमात हस्तकामाला जागा मिळाली. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन याने लाकूडकामाच्या शिक्षणाची पद्धत बसविली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती कारागीर तयार करण्यासाठी नव्हती आणि तेथे शिकवीत तो सुतार नसे, शिक्षक असे. आपल्याकडे ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जी योजना आखली, तिच्यातील मूलोद्योगांत सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामही होते. ती योजना पुढे मागे पडली. पण 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात मुलांनी गावच्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावे, असे सांगितले आहे. तेव्हा पेटीचे कुलूप पुन्हा उघडण्याची वेळ आली आहे, आणि ते उघडताना पहिले लक्ष पटाशीकडे गेले पाहिजे.

पटाशी म्हणजे पोलादाचे सपाट पाते, त्याच्या एका टोकास तिरका उतार देऊन केलेली धार आणि दुसऱ्या टोकास मूठ. एवढ्या साध्या हत्याराचे इतके प्रकार का झाले असावेत, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे उत्तर असे की, लाकडावर काम करण्याच्या रीती दोन : मोगरीने ठोकून पाते आत घालणे, आणि हाताच्या रेट्याने पातळ साल काढणे. ठोकण्यासाठी पाते जाड हवे, नाही तर ते वाकेल किंवा तुटेल. तासण्यासाठी पाते पातळ हवे, नाही तर ते लाकडात सहज शिरणार नाही. या दोन गरजा एकाच पात्यात पुरत्या बसत नाहीत, म्हणून प्रकार झाले.

या दोहोंच्या मध्ये बसते ती साधी पटाशी. तिच्या पात्याचा छेद आयताकृती असतो, कडा सरळ उभ्या असतात. बेताने ठोकली तरी ती सोसते आणि हाताने रेटूनही बरे काम देते. शाळेचे बारा आणे काम तिच्यावर भागते. दुसरी कडा उतरविलेली पटाशी. तिच्या उताराच्या बाजूकडील दोन्ही लांब कडा तिरक्या घासून पातळ केलेल्या असतात. त्यामुळे अरुंद कोपऱ्यात, विशेषतः पेटीच्या कोपऱ्यांना येणाऱ्या पंखाकृती सांध्यात ती मोकळी फिरते. बाजारात आज हीच अधिक दिसते व दिसायला देखणीही असते. पण कडा पातळ असल्यामुळे ती खाचेत घालून उचकटली की तुटण्याचा संभव फार. नवशिक्या मुलांचा हात उचकटण्याकडे वळतोच. म्हणून शाळेने आधी साधी पटाशी घ्यावी, हे बरे.

तिसरे हत्यार किकरे. ते अरुंद असते पण पाते जाड, जवळजवळ चौरस छेदाचे. चौकटीच्या उभ्या लाकडात खोल खाच पाडून तिच्यात आडव्या लाकडाचे कुसू बसवावयाचे असते, ती खाच किकऱ्याने पाडतात. जोराने ठोकणे आणि ढलपी उचकटून काढणे, दोन्ही त्याने करावयाचे, म्हणून जाडी. नावांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. गावोगावचे सुतार या हत्यारांना निरनिराळ्या नावांनी ओळखतात आणि दुकानदार तर रुंदीखेरीज काहीच बोलत नाही. नावावर अडून न बसता पात्याची जाडी पाहून ओळखावे.

याशिवाय लांब, पातळ पात्याची तासणीची पटाशी असते. तिला मोगरी कधीच लावावयाची नसते. नळीसारख्या वळणाची गोल पटाशीही असते. उतार बाहेरच्या अंगाला असेल तर ती पन्हळ किंवा वाटीसारखा खोलगा कोरण्यास योग्य, आतल्या अंगाला असेल तर वक्र कड तासण्यास योग्य. ही दोन्ही हत्यारे प्राथमिक शाळेस आरंभी लागत नाहीत.

आता खरेदीविषयी. अनुदानाचे पैसे थोडे असतात आणि दुकानात सहा-आठ पटाश्यांचा रंगीत मुठींचा संच स्वस्त दिसतो. तो घेऊ नये. चार चांगल्या पटाश्या शाळेला पुरतात : 6, 12, 18 आणि 25 मिलिमीटर रुंदीच्या, सोबत 10 मिलिमीटरचे एक किकरे. वजनमापांचा दशमान कायदा 1956 मध्ये झाला, तरी जुना सुतार पाव इंची, अर्धा इंची, पाऊण इंची असेच म्हणतो, किंवा सुतात बोलतो. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे दोन सुती पटाशी ती सुमारे 6 मिलिमीटरची. हे रूपांतर शिक्षकाला ठाऊक नसेल तर दुकानात घोटाळा होतो.

हाती घेतलेली पटाशी प्रथम डोळ्यापाशी धरून पात्याच्या लांबीने पाहावी. मूठ आणि पाते एका रेषेत आहेत ना? ज्या बाजूला उतार नाही ती बाजू, म्हणजे पाठ, सरळपट्टीला टेकते ना? पाठ बाकदार असेल तर ती पटाशी परत ठेवावी. ती सरळ करण्यात जन्म जाईल. लाकडी मूठ असेल तर पात्याकडच्या तोंडाशी शेंबी घट्ट असावी, कारण घाव बसताना मूठ तेथेच उकलते. ठोकावयाच्या पटाशीला मुठीच्या डोक्यावरही कडे असलेले उत्तम. पोलाद परखण्यासाठी बारीक कानशीचे टोक धारेजवळ हलकेच फिरवावे. कानस घसरली तर पाणी चांगले दिलेले आहे. लोखंडासारखी चावली तर पोलाद मऊ आहे आणि धार एक तासही टिकणार नाही. गावचा लोहार मोटारीच्या जुन्या कमानपाट्याची पटाशी घडवून देत असेल, तर दुकानाच्या स्वस्त संचापेक्षा ती पुष्कळदा सरस निघते. दिसायला ओबडधोबड असली तरी तिचा संकोच बाळगू नये.

नवी पटाशी विकत आणली म्हणजे ती कामाला तयार असते, असा एक गैरसमज सर्वत्र आहे. कारखान्यातून येते ती फक्त उतार दिलेली पटाशी. धार लावावयाची ती घेणाऱ्याने. या भागाकडे शिक्षकाने सर्वांत अधिक लक्ष दिले पाहिजे. कारण येथे कसूर झाली तर पुढचे सारे शिक्षण वाया जाते.

उतार सुमारे 25 अंशांचा असतो. त्याच्या अगदी टोकाशी, दगडावर 30 अंशांची एक अरुंद पट्टी घासून काढावयाची. तीच खरी धार. किकऱ्याला घाव सोसावे लागतात म्हणून त्याची धार 30 ते 35 अंशांची ठेवतात. कोन कमी केला तर धार तीक्ष्ण होते पण लवकर मोडते. वाढविला तर टिकते पण लाकडात जड जाते. हा कोन मोजण्यासाठी कोनमापकाची गरज नाही. पात्याची जाडी मोजावी आणि उताराची लांबी मोजावी. लांबी जाडीच्या बरोबर दुप्पट असेल तर कोन 30 अंशांचा असतो. सुमारे दोन पूर्णांक चार दशांश पट असेल तर 25 अंशांचा. 3 मिलिमीटर जाडीच्या पात्याचा उतार म्हणूनच 7 मिलिमीटरच्या थोडा वर भरावा. सातवीच्या मुलांना ही मापे घेण्यास सांगितली तर समवाय ओढूनताणून साधावा लागत नाही. हत्यारच भूमिती शिकविते.

दगड दोन अंगांचा असावा, एक अंग खरखरीत व दुसरे मऊ. पाण्याचा दगड असेल तर पाणी, तेलाचा असेल तर यंत्राचे पातळ तेल वापरावे. खाण्याचे तेल घालू नये. ते दगडावर सुकून चिकट थर धरते व दगड कापणे सोडतो. प्रथम पटाशीची पाठ दगडावर पूर्ण सपाट टेकवून टोकाकडचे दोन-तीन सेंटिमीटर एकसारखे चमकेपर्यंत घासावे. हे काम नव्या पटाशीला एकदाच, पण मन लावून करावयाचे असते. मग पटाशी उलटवून उतार दगडावर ठेवावा, मुठीकडची बाजू किंचित उचलावी आणि तो कोन न बदलता मागेपुढे घासावे. हात खालीवर झुलला तर धार गोलसर होते. मुले येथे चुकतात, आणि त्यांना चुकू द्यावे. कोपरे अंगाशी धरून कमरेतून हलण्याची सवय झाली की हात स्थिर होतो. थोड्या वेळाने पाठीकडे बोट धारेच्या दिशेने, म्हणजे पात्यावरून बाहेरच्या बाजूस, हलके फिरविले तर केसासारखी पातळ वळलेली कड लागते. ही कड धारेच्या पूर्ण रुंदीभर आली म्हणजे उतार धारेपर्यंत पोचला. ही परीक्षा शिक्षकाने करावी. नंतर मऊ अंगावर आळीपाळीने उतार व पाठ फिरवून ती कड काढून टाकावी आणि शेवटी जुन्या चामड्याच्या तुकड्यावर धार मागे ओढावी. पाठ घासताना ती कधीही उचलू नये, नेहमी सपाट. हा एक नियम मोडला तर तासताना पटाशी सरळ जात नाही आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो.

धार लागली की नाही हे पाहण्यासाठी अंगठा फिरविण्याची खोड सार्वत्रिक आहे. शाळेत ती दिसता कामा नये. धार खिडकीकडे करून पाहावी. बोथट कडेवर उजेडाची बारीक रेघ चमकते; तीक्ष्ण धार दिसतच नाही. किंवा आंब्यासारख्या मऊ लाकडाच्या तुकड्यावर, तंतू जेथे तुटून उघडे पडतात त्या टोकाकडच्या भागावर, एक पातळ साल काढावी. कापलेला भाग गुळगुळीत निघाला तर धार बरी. तंतू चेंगरून पांढुरका व खरबरीत दिसला तर पुन्हा दगडाकडे जावे.

धारेला मोठे दाते पडले असतील तर ती फिरत्या सहाणचाकावर द्यावी लागते. विजेच्या चाकावर सरावाशिवाय पटाशी धरणे म्हणजे ती जाळणे होय. पाते तापते, पोलाद आधी गवती पिवळ्या रंगाचे आणि मग निळे होते. निळा रंग आला की तेवढ्या भागाचे पाणी उतरले. त्या भागाला धार टिकत नाही, आणि तो घासून टाकण्यावाचून उपाय नसतो. शेजारी पाण्याचे भांडे ठेवून पाते दर काही क्षणांनी बुडवावे. दगड मध्यभागी खोलगट झाला तर शहाबादी फरशीवर वाळू व पाणी टाकून तो घासला म्हणजे पुन्हा सपाट होतो. हे काम पाचवीची मुलेसुद्धा आनंदाने करतात.

आता प्रत्यक्ष वापर. गावचा सुतार जमिनीवर बसतो आणि पायाच्या बोटांनी लाकूड दाबून धरतो. त्याचे पायही हातांइतकेच तरबेज असतात आणि ती रीत पिढ्यांच्या सरावाने आलेली असते. तिच्यात कमीपणा काहीच नाही. पण मुलांना ती शाळेत करू देऊ नये. मुलाच्या पावलासमोर पटाशीची धार येऊ देणे हा धोका कोणत्याही शिक्षकाने पत्करू नये. शेगडा नसेल तर एका फळीला खालून पुढच्या कडेस एक पट्टी व वरून मागच्या कडेस एक पट्टी ठोकावी. खालची पट्टी मेजाच्या काठाला अडते, वरच्या पट्टीला लाकूड टेकते. दोन पाचरा आणि ही फळी एवढ्यावर लाकूड स्थिर राहते, आणि मुलाचे दोन्ही हात पटाशीला मोकळे होतात. दोन्ही हात पटाशीच्या मागे : एक मुठीवर, दुसरा पात्यावर, धारेसमोर शरीराचा कोणताही भाग नाही. डाव्या हाताने काम करणाऱ्या मुलाला हात बदलावयास लावू नये. पटाशीला डावे-उजवे नसते, फक्त त्याची उभे राहण्याची बाजू बदलून द्यावी. मुलींना शिवणकामाकडे पाठवून मुलांना सुतारकाम देण्याची जुनी वाटणीही आता सोडावी. धार लावण्याच्या कामात ताकदीपेक्षा सावधपणा लागतो.

पहिला पाठ अर्ध्या खाचेच्या सांध्याचा असावा. दोन पट्ट्या एकमेकींत अर्ध्याअर्ध्या जाडीने बसून फुली होते तो. शाळेच्या पाण्याच्या माठाखाली घडवंची हवी असेल तर तिच्या खालच्या फुलीसाठी हाच सांधा उपयोगी पडतो, आणि मुलांना आपण खेळ करीत नसून वस्तू करीत आहोत हे कळते. गुण्याने दोन रेषा आखाव्या, करवतीने रेषांच्या आतून अर्ध्या जाडीपर्यंत काप द्यावेत आणि मधले लाकूड पटाशीने काढावे. येथे नवशिक्या एका बाजूने थेट पलीकडे पटाशी रेटतो आणि पलीकडच्या कडेची ढलपी उडते. अर्धे एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने काढावे. मध्ये उरलेला उंचवटा शेवटी सपाट करावा. पटाशी लाकडाच्या तंतूंच्या उताराने चालवावी. साल गुळगुळीत न निघता फाटून खोल जाऊ लागली, म्हणजे दिशा उलटी झाली. तेथेच थांबून लाकूड फिरवून घ्यावे.

खाच पाडण्याचा पाठ त्यानंतरचा. खाचेची रुंदी लाकडाच्या जाडीच्या सुमारे एक-तृतीयांश ठेवतात, म्हणजे दोन्ही अंगांना पुरेसे लाकूड उरते. आणि ती किकऱ्याच्या रुंदीएवढीच आखावी, म्हणजे बाजू तासाव्या लागत नाहीत. लांबीच्या दोन्ही टोकांना 2 ते 3 मिलिमीटर लाकूड राखून मधूनच ठोकण्यास आरंभ करावा. ढलपी उचकटताना किकरे टोकांवर टेकते व तेथील लाकूड चेंगरते. राखलेला भाग हे चेंगरणे झेलतो, आणि सर्वांत शेवटी रेषेवर उभे किकरे धरून तो काढला की कड स्वच्छ निघते. आरपार खाच असेल तर दोन्ही बाजूंनी आखून निम्मीनिम्मी पाडावी. ठोकण्यास बाभळीची मोगरी घ्यावी. लोखंडी हातोडीने लाकडी मुठीची काय गत होते, हे कोणत्याही शाळेच्या जुन्या पेटीत पाहावयास मिळते.

या पाठांना गावच्या सुताराला बोलवावे. बलुतेदारीच्या काळात शेतकऱ्याचा नांगर, कुळव, तिफण ज्याच्या हातून दुरुस्त होऊन शेतावर जाई, तो सुतार शाळेत शिकविणारा म्हणून क्वचितच आला. त्याला खुर्ची द्यावी, वर्गाने त्याला नमस्कार करावा आणि त्याचे मानधन ठरवून द्यावे. त्याची मुलगी किंवा मुलगा त्याच वर्गात असेल, तर त्या दिवशी वर्गातील त्या मुलाची जागा बदलते. हे ज्या शिक्षकाने एकदा पाहिले, तो पुन्हा पुढच्या वर्षी त्या सुताराला बोलाविल्यावाचून राहत नाही. पायाने लाकूड धरण्याविषयी आधी त्याच्याशी एकांतात बोलून घ्यावे, म्हणजे मुलांसमोर त्याला अडविण्याचा प्रसंग येत नाही.

काम संपल्यावर पटाश्या पेटीत एकमेकींवर टाकू नयेत. धारेला धार लागते आणि दोन्ही जातात. फळीला खाचा पाडून त्यांत त्या धार खाली करून उभ्या टांगाव्या, आणि धार उघडी राहणार नाही अशी खालून पट्टी लावावी. प्रत्येक पटाशीची आकृती फळीवर रंगवून ठेवली तर सुटीच्या घंटेआधी कोणती परत आली नाही हे एका दृष्टीत कळते. एका मुलाकडून दुसऱ्याकडे पटाशी द्यावयाची तर मेजावर ठेवून द्यावी, हातात हात नव्हे. कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंती ओलावतात. फळी भिंतीपासून दोन बोटे सुटी ठोकावी. उन्हाळ्याच्या सुटीसाठी शाळा बंद होण्यापूर्वी पाती पुसून त्यांवर यंत्राच्या तेलाचा हात द्यावा, धारांवर जाड कापडाच्या पट्ट्या बांधाव्या, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर मुलांच्या हाती देण्याआधी चारही पटाश्या व किकरे शिक्षकाने एकदा स्वतः दगडावर फिरवून घ्यावेत.